बारावीनंतरचे प्रवेश आणि दिव्यांग मुलांच्या सवलती: नेमकं काय, कुठे आणि कधी मागायचं?

निळी_छत्री

मुलगी आता बारावीत गेली. विज्ञान शाखा, गणित घेतलेलं. तिला डिसग्राफिया आहे. उत्तर डोक्यात तयार असतं, पण कागदावर उतरवता उतरवता वेळ संपतो, आणि जे उतरतं ते कधीकधी तिचं तिलाही वाचता येत नाही. नववीत असताना महापालिकेच्या रुग्णालयातून अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र काढलं होतं. त्यावर दहावीला बोर्डाकडून जादा वेळ मिळाला आणि तिने छान मार्क मिळवले. तेव्हा वाटलं, कागदांचं काम संपलं.

आता जेईई आणि सीईटी दोन्ही द्यायच्या आहेत. इथे प्रत्येक जण वेगळं सांगतोय. क्लासवाले म्हणतात, "संगणकावर टिचकी तर मारायची, जादा वेळ कशाला?" कॉलेजमधल्या मॅडम म्हणाल्या, "या प्रमाणपत्रावर टक्केवारी नाही, चालणार नाही." माझी नणंद म्हणते फॉर्ममध्ये दिव्यांग लिहूच नका, पुढे लग्नाला आडवं येईल (यावर मी काय बोलले ते इथे लिहीत नाही). त्यात मुलगी येत्या मे महिन्यात १८ पूर्ण करतेय, म्हणजे ऐन प्रवेशाच्या धामधुमीत. वय बदलल्याने काही फरक पडतो का? ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा. धीर वगैरे नको, धीर आहे. माहिती हवी आहे.

जुना_कारकून

प्रवेशाच्या सुविधा केंद्रावर बरीच वर्षं कागद तपासत होतो, आता निवृत्त. पहिली गोष्ट: तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करताय, आणि तुम्हीच नाही, निम्मे पालक करतात. परीक्षेतली सवलत वेगळी, राखीव जागा वेगळी.

राखीव जागा येते २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातून. तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. कलम ३२ म्हणतं की शासकीय आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांनी किमान ५ टक्के जागा ठेवायच्या, आणि वयाच्या कमाल मर्यादेत ५ वर्षांची सूट द्यायची. आधीच्या १९९५ च्या कायद्यात हे ३ टक्के होतं. पण या जागांसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागतं. तुमच्या मॅडम टक्केवारी विचारतात ती यासाठी. बोर्डाच्या सवलतीसाठी काढलेल्या जुन्या प्रमाणपत्रांवर बरेचदा फक्त निदान असतं, टक्के नसतात. बोर्डाला ते चाललं म्हणून प्रवेशाला चालेल असं नाही. आता स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र, काढा. २०२४ च्या सुधारित नियमांनंतर कार्डाचे रंगही ठरलेत: ४० टक्क्यांच्या आत पांढरं, ४० ते ८० पिवळं, त्यावर निळं. पांढऱ्या कार्डावर राखीव जागा मागायला आलेली मुलं मी परत पाठवली आहेत. चेहरे आठवतात.

वयाचं म्हणाल तर फरक पडतो. अध्ययन अक्षमतेची तपासणी ८ वर्षांनंतर, मग १४ ला आणि परत १८ ला, असं २०१८ च्या राजपत्रात आहे. १८ ला मिळतं ते कायमचं. म्हणजे तुमच्या घरी हा योग नेमका मे महिन्यात येतोय. रुग्णालयाची तारीख आत्तापासून मागून ठेवा. मे उजाडल्यावर रांगेत उभं राहिलात तर पुढची तारीख प्रवेशफेरी संपल्यावरची मिळेल.

चष्मिष

मी अल्पदृष्टी आहे, इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. "टिचकी तर मारायची" हे मलाही ऐकवलं होतं. ज्यांना असं वाटतं त्यांनी जेईईचा एक पेपर सोडवताना स्वतःच्या कच्च्या कामाचे कागद मोजावेत. टिचकी शेवटी येते. आधी पानभर आकडेमोड असते, आणि डिसग्राफिया असलेल्या मुलीची सगळी लढाई त्या पानावर असते. एका ओळीतला ७ पुढच्या ओळीत १ झाला की गणित गेलं.

वेळेचा हिशोब सोपा आहे. केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तासाला किमान २० मिनिटं भरपाई वेळ. तीन तासांचा पेपर असेल तर एक तास, ९० मिनिटांचा भाग असेल तर अर्धा तास. पण हे आपोआप होत नाही. अर्ज भरताना दिव्यांगत्वाचा रकाना भरावा लागतो, आणि लेखनिक हवा का, हे वेगळं विचारतात. मी एका परीक्षेत पहिलं भरलं, दुसरं मोकळं राहिलं असं समजून केंद्राने मला दारातच अडवलं. प्रत मोबाइलमध्ये होती म्हणून निभावलं. मोबाइल आत न्यायला बंदी, त्यामुळे बाहेर उभ्या असलेल्या बाबांनी ती फाटकातून दाखवली. तेव्हापासून छापील प्रत दोन ठिकाणी ठेवतो.

लेखनिकाबद्दल थोडं लिहितो, कारण यावर कोणी बोलत नाही. २०१८ च्या सूचनांप्रमाणे स्वतःचा आणला तर त्याचं शिक्षण आपल्यापेक्षा एक पायरी खाली असावं लागायचं. कागदावर हे रास्त होतं. प्रत्यक्षात बारावीच्या मुलासाठी अकरावीतलं, शास्त्र शाखेचं, त्या दिवशी मोकळं असलेलं मूल शोधायचं म्हणजे सबंध नातेवाईकमंडळ पालथं घालावं लागायचं. केंद्राने दिलेला लेखनिक घेतला तर तो कोण असेल याचा भरवसा नसतो. सूचनांमध्ये दोन दिवस आधी त्याला भेटू द्यावं असं आहे. ते मागा, तोंडी नव्हे, ईमेलवर. मला मिळालेल्या एकाला समाकलनाचं चिन्ह वाचता येत नव्हतं. तो म्हणाला, "इथे एक लांबट एस आहे." मग आमची भाषा जुळेपर्यंत वीस मिनिटं गेली.

म्हणून सराव. लेखनिक घेणार असाल तर घरी कुणालातरी समोर बसवून गणित *बोलून* सोडवायला शिका. "कंसात एक्स वर्ग अधिक तीन, कंस पूर्ण, भागिले" असं. हे वेगळंच कौशल्य आहे आणि ते एका आठवड्यात येत नाही.

मध्यममार्गी

मी वेगळा सूर लावतोय, रागावू नका. माझ्या मुलाची सीट थोडक्यात गेली. त्याच कॉलेजात त्याच्यापेक्षा बरेच कमी गुण असलेल्या मुलाला या कोट्यातून जागा मिळाली, आणि तो फुटबॉल खेळतो! बनावट प्रमाणपत्रांच्या बातम्या आपण सगळेच वाचतो. शिवाय स्पर्धा परीक्षा म्हणजे वेगाचीच परीक्षा ना? मग एकाला चार तास आणि एकाला तीन, हे कसं? खरे गरजू असतील त्यांच्याबद्दल प्रश्न नाही.

काठावरचा

व्हीलचेअरवरून लिहितोय, खरा गरजू आहे असं गृहीत धरा.

फुटबॉल खेळणारा मुलगा कानाने कमी ऐकणारा असू शकतो. त्याला हिमोफिलिया असता तर फुटबॉल खेळला नसता, हेही खरं. कायद्यात २१ प्रकारची दिव्यांगत्वं आहेत आणि त्यातली बरीच मैदानावरून दिसत नाहीत. तुमच्या मुलाची जागा त्याने घेतली असंही नाही. हे समांतर आरक्षण आहे, प्रत्येक सामाजिक प्रवर्गाच्या आतून जातं, आणि कितीतरी ठिकाणी पात्र उमेदवार न मिळाल्याने या जागा शेवटी इतर मुलांनाच जातात. त्याबद्दल कोणी धागा काढत नाही.

बनावट प्रमाणपत्रांचा सगळ्यात मोठा फटका आम्हाला बसतो. एक प्रकरण गाजलं की पुढची दोन वर्षं प्रत्येक कारकून माझ्या पायांकडे संशयाने बघतो. पकडा त्यांना, आम्ही टाळ्या वाजवू.

वेगाबद्दल. कोणता वेग? भौतिकशास्त्र समजण्याचा की पेन्सिल चालवण्याचा? परीक्षा ज्याची घ्यायची आहे ते सोडून दुसरंच काहीतरी मोजलं जात असेल तर ते दुसरं बाजूला काढायला दिलेला हा वेळ आहे. दृष्टिहीन मुलाला आलेख वाचून दाखवला जातो तेव्हा त्याला तो एका नजरेत दिसत नाही, ओळीओळीने डोक्यात बांधावा लागतो. तुम्ही त्याला चार तास देता तेव्हा त्याच्या हातात प्रत्यक्ष विचार करायला जेमतेम तीनच उरतात.

मध्यममार्गी

फुटबॉलचा मुद्दा मागे घेत नाही, पण आलेखाचा मुद्दा पटला. असो.

फळा_खडू

विशेष शिक्षिका आहे, मुंबईबाहेर. निळी_छत्री, तुमच्या मुलीने गणित ठेवलं हे फार बरं झालं, आणि हे वाचणाऱ्या आठवी-नववीच्या पालकांसाठी मुद्दाम लिहितेय. शाळेत बोर्डाच्या सवलतींमध्ये गणित सोडून खालच्या इयत्तेचं अंकगणित घेण्याची सोय मिळते. काही मुलांसाठी ती खरोखर वरदान आहे, दहावी सुटते. पण शाळा कधीकधी सरसकट सगळ्या अध्ययन अक्षम मुलांना तीच सुचवते, कारण निकालाची टक्केवारी सांभाळायची असते. डिसग्राफिया (लिहिण्यातली अडचण) म्हणजे डिसकॅल्क्युलिया (गणितातली अडचण) नव्हे. गणित समजतं पण लिहिता येत नाही, अशा मुलाला वेळ द्या, लेखनिक द्या, गणित काढून घेऊ नका. पंधराव्या वर्षी सोडलेल्या गणितामुळे अभियांत्रिकी, वास्तुशास्त्र, संख्याशास्त्र या सगळ्या वाटा बंद होतात, आणि त्या वेळी घरातल्या कुणालाच ते जाणवत नाही.

दुसरं, मराठी माध्यमाच्या मुलांचं. माझ्याकडे येणारी बहुतेक मुलं उशिरा येतात. "आळशी आहे", "अक्षर गचाळ आहे", "लक्ष नाही" यातच सहावी-सातवी जाते. राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ साली डाली नावाच्या चाचण्या आणल्या. हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत मुलाचं वाचन तपासता यावं म्हणून. पण चाचणी असणं आणि तालुक्याच्या ठिकाणी ती घेणारा माणूस असणं यात अंतर आहे. मराठीत शिकलेल्या मुलाला इंग्रजी उतारा वाचायला देऊन "अक्षमता आहे" किंवा "नाही, फक्त इंग्रजी कच्चं आहे" असं ठरवलेलं मी पाहिलंय. दोन्ही चूक. तपासणीला जाताना मुलाच्या वह्या सोबत न्या, तीन-चार वर्षांच्या. डॉक्टर नको म्हणाले तरी न्या.

रानवारा

थोडं अवांतर, पण याच धाग्यात विचारतो. भाच्याच्या डाव्या हाताची दोन बोटं जन्मापासून नाहीत, पायातही दोष आहे. वैद्यकीय मंडळाने ५० टक्क्यांच्या आसपास दिव्यांगत्व दिलंय. नीटची, म्हणजे वैद्यकीय प्रवेश परीक्षेची, तयारी करतोय. गावात सगळे म्हणतात डॉक्टरकीला दोन्ही हात धड लागतात, उगाच वर्षं घालवू नको.

जुना_कारकून

अवांतर अजिबात नाही. वैद्यकीय प्रवेशात तशी अटच होती, दोन्ही हात शाबूत, संवेदना आणि ताकद पूर्ण. सर्वोच्च न्यायालयाने २१ फेब्रुवारी २०२५ रोजी अनमोल विरुद्ध भारत सरकार या निकालात ती अट फेटाळली. तुम्ही सांगताय तशाच स्वरूपाचं प्रकरण होतं, पाय आणि हाताची बोटं.

त्याच्या आधीचे ऑक्टोबर २०२४ चे दोन निकालही शोधून ठेवा, दोन्ही वैद्यकीय प्रवेशाचे. ओंकार गोंड प्रकरणात न्यायालयाने म्हटलं की केवळ ४० टक्क्यांपेक्षा जास्त दिव्यांगत्व आहे म्हणून एखाद्याला एमबीबीएसमधून बाद करता येत नाही. तो अभ्यासक्रम करू शकतो की नाही हे मंडळाने तपासायचं, आणि नकार दिला तर कारणं लिहायची. त्याच महिन्यात ओम राठोड प्रकरणात स्नायूंच्या आजारामुळे ८८ टक्के दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्याच्या बाजूने निकाल लागला. त्यातही भर होता प्रत्यक्ष क्षमतेवर, आकड्यावर नव्हे. त्यामुळे भाच्याने मंडळासमोर जाताना तो डाव्या हाताने रोज काय काय करतो ते दाखवायची तयारी ठेवावी. बटणं लावणं, दुचाकी, प्रयोगशाळेतली परीक्षानळी. आणि "अपात्र" एवढंच लिहून दिलं तर तिथेच लेखी कारण मागायचं. हे सगळ्यात महत्त्वाचं. कारण न लिहिलेल्या नकाराविरुद्ध दाद मागणं तुलनेने सोपं असतं.

रानवारा

दुचाकी तो मोकाट चालवतो, तीच घरच्यांची तक्रार आहे. धन्यवाद साहेब.

वेंधळी

एक शंका. समजा मुलीचे टक्के ४० च्या आतच आले तर? माझ्या बहिणीच्या मुलाला ३० मिळाले आणि परीक्षेतला वेळही गेला असं सांगण्यात आलं.

काठावरचा

चुकीचं सांगितलं. राखीव जागा गेली, वेळ नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार विरुद्ध यूपीएससी हा निकाल आला. उमेदवाराला लिहिताना हात आखडण्याचा त्रास होता, टक्केवारीच्या चौकटीत बसत नव्हता, आयोगाने लेखनिक नाकारला होता. न्यायालयाने सांगितलं की ४० टक्क्यांची अट आरक्षणासाठी आहे, लेखनिकासाठी ती लावता येणार नाही. त्यावरून केंद्र सरकारने १० ऑगस्ट २०२२ ला वेगळ्या सूचना काढल्या, ४० च्या आतल्या पण लिहिण्याची अडचण असलेल्या उमेदवारांसाठी. शासकीय रुग्णालयाचं विहित नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं. बहिणीला सांगा, सध्या लागू असलेल्या सूचनांची छापील प्रत घेऊन जा. तोंडी वाद घालून काही होत नाही. समोरच्या टेबलावर कागद ठेवला की आवाज आपोआप खाली येतो.

आणि वेळ परीक्षेच्या *आधी* पदरात पाडून घ्या. २०२१ च्या नीटमध्ये डिसग्राफिया असलेल्या एका विद्यार्थिनीला केंद्रावर एक तास जादा दिलाच नाही. ती सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. न्यायालयाने तिच्यावर अन्याय झाल्याचं मान्य केलं, परीक्षा घेणाऱ्या संस्थेला यावर उपाय शोधायला सांगितलं, पण फेरपरीक्षा दिली नाही. हुकलेला तास नंतर कोणी हातात आणून देत नाही.

चष्मिष

+१. प्रवेशपत्र आलं की पहिलं हे बघायचं: त्यावर भरपाई वेळेचा उल्लेख आहे का. नसेल तर त्याच दिवशी मदतकक्षाला लिहायचं.

निळी_छत्री

एवढं सगळं मिळेल असं वाटलं नव्हतं. पोर्टलवर अर्ज केला आहे, रुग्णालयाची तारीखही मागितली. वह्या सगळ्या माळ्यावर आहेत, पाचवीपासूनच्या. रद्दीत दिल्या नाहीत याचं श्रेय आळसाला.

आता पुढचं. समजा प्रवेश मिळाला, तर कॉलेजला हे सांगायचं का? मुलगी म्हणते, "तिथे मला नव्याने सुरुवात करायची आहे, पहिल्याच दिवशी पाटी नको." मला तिचं म्हणणं कळतं.

चष्मिष

तिचं बरोबर आहे, पण वर्गाला सांगणं आणि कार्यालयाला सांगणं यात फरक आहे. माझ्या वर्गातल्या अर्ध्या मुलांना दुसऱ्या सत्रापर्यंत पत्ता नव्हता. कार्यालयाला मात्र पहिल्या आठवड्यात लेखी कळवलं होतं. कारण विद्यापीठाच्या सत्र परीक्षेला प्रवेश परीक्षेतली सवलत आपोआप पुढे येत नाही, परत मागावी लागते आणि त्याला मुदत असते. बऱ्याच विद्यापीठांत समान संधी कक्ष असतो, कुठे जिवंत, कुठे फक्त दारावरच्या पाटीत. तो शोधा. अर्ज दिलात की आवक क्रमांक घ्या. आवक क्रमांक नसलेला अर्ज म्हणजे न दिलेला अर्ज.

प्रयोगवही हा वेगळा डोंगर आहे. शंभर पानं हाताने लिहायची. टंकलिखित चालेल का, हे सत्राच्या सुरुवातीलाच विचारा. मी विभागप्रमुखांना विचारलं तर म्हणाले, "आजवर कोणी विचारलंच नाही." आणि हो म्हणाले. सगळे असे भेटत नाहीत. एक प्राध्यापक मला शेवटपर्यंत फळ्यावरचं वाचून दाखवायला तयार झाले नाहीत, म्हणे बाकीच्यांचा वेळ जातो. मग मित्राने मोबाइलवर फोटो काढून तिथल्या तिथे मोठा करून द्यायला सुरुवात केली.

काठावरचा

इमारत प्रवेश घेण्याआधी बघून या, हे माझ्यासारख्यांसाठी. संकेतस्थळावर "उद्वाहक उपलब्ध", म्हणजे लिफ्ट आहे, असं लिहिलेलं असतं. एका नावाजलेल्या कॉलेजात गेलो तर तो सामानासाठी होता, चावी शिपायाकडे, शिपाई जेवायला. पसंतीक्रम भरायच्या आत हे कळलं तर क्रम बदलता येतो. नोव्हेंबर २०२४ च्या राजीव रतुरी निकालात न्यायालयाने सुगम्यतेचे सक्तीचे किमान निकष ठरवायला सांगितलंय, पण तुमच्या मुलांचं पहिलं वर्ष त्याची वाट बघत थांबणार नाही.

फळा_खडू

फीबद्दल कोणी लिहिलं नाही. आयआयटींमध्ये दिव्यांग विद्यार्थ्यांना शिकवणी शुल्क पूर्ण माफ आहे, २०१६ पासून. जेईईमार्गे प्रवेशाला बारावीत ७५ टक्क्यांची अट असते ती या मुलांना ६५ आहे. इतर ठिकाणचं त्या त्या माहितीपुस्तिकेत शोधा. कंटाळवाणं काम आहे, पण पुस्तिकेचं शेवटचं पान कोणीच वाचत नाही आणि नमुने तिथेच असतात.

निळी_छत्री

शेवटचा प्रश्न. चष्मिषचं वाचून मुलीला विचारलं. तिला लेखनिक नकोय. म्हणते, "माझं कच्चं काम दुसऱ्याच्या हातात गेलं तर मीच गोंधळेन." फक्त वेळ हवा आहे. असं चालतं का, की दोन्ही एकत्रच घ्यावं लागतं?

जुना_कारकून

चालतं. २०१८ च्या सूचनांमध्येच स्पष्ट होतं: ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या उमेदवाराने लेखनिक घेतला नाही तरी तीन तासांच्या परीक्षेला किमान एक तास जादा देता येतो. अर्जात दिव्यांगत्वाला "होय", लेखनिकाला "नाही". अर्ज अंतिम करण्याआधी पूर्वदृश्यात दोन्ही ओळी मुलीलाच मोठ्याने वाचायला सांगा. पालक भरतात तेव्हा घोळ होतो, आणि दुरुस्तीची खिडकी फार थोडे दिवस उघडी असते.